दोनशे तासांनंतरची दरी

पत्राचा सारांश

सत्तावीस वर्षांची एक वाचक पाच वर्षांपासून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. पगार चांगला आहे, मन रमत नाही. हेलिकॉप्टर पायलट व्हायचं तिच्या मनात शाळेपासून आहे. एका प्रशिक्षण संस्थेनं तिला शून्यापासून व्यावसायिक परवान्यापर्यंतचा पूर्ण कोर्स देऊ केला आहे. महिनाअखेरीपर्यंत सगळी फी एकरकमी भरली तर मोठी सवलत मिळेल आणि ‘कोर्स संपला की आमच्याकडेच इन्स्ट्रक्टर म्हणून घेऊ’ असं तोंडी आश्वासनही आहे. तिची बचत एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे. उरलेल्या रकमेसाठी निवृत्त वडील राहतं घर तारण ठेवायला तयार आहेत. धाकट्या भावाचं शिक्षण अजून व्हायचं आहे. आईनं या विषयावर एक शब्दही काढलेला नाही. प्रश्न असा: घरावर कर्ज काढून वर्षभरात मोकळं व्हावं, की नोकरी सांभाळत पगारातून थोडं थोडं शिकावं? ‘दुसरा मार्ग धरला तर परवाना मिळेपर्यंत माझं वय निघून जाईल,’ असं तिनं लिहिलं आहे.

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. ‘परवाना’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. ‘नोकरी’ तीन वेळा, पण त्यातल्या दोन वेळा ती सध्याच्या नोकरीबद्दलची कुरकुर आहे. हा टोमणा समजू नका. हे सदर लिहायला लागण्याआधी काही वर्षं मी हेलिकॉप्टर उडवायला शिकवत होते आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण असाच हिशेब घेऊन यायचे: इतके तास, इतके पैसे, हातात परवाना, की झालो पायलट. मीही तशीच गेले होते.

परवाना मिळाला की खर्च थांबेल आणि कमाई सुरू होईल, असं गृहीत धरून तुम्ही दोन पर्याय मांडले आहेत. मधे एक दरी आहे. दोन्ही पर्यायांत तिचा पत्ताच नाही.

आधी ती दरी किती रुंद आहे ते पाहू. नागरी विमान वाहतुकीचे जागतिक किमान निकष ठरवणारी संघटना म्हणजे इकाओ. हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक परवान्यासाठी तिच्या निकषांत १५० तासांचं उड्डाण लागतं, मान्यताप्राप्त सलग कोर्स केला तर १०० तास. देशोदेशीचे नियम याच्या आसपास फिरतात. अमेरिकेत १५० तास आहेत, युरोपात टप्प्याटप्प्यानं शिकणाऱ्याला १८५. त्यावर इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, म्हणजे शिकवायची परवानगी, घेतलं की लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, साधारण दोनशे तास जमलेले असतात. पैसे इथे संपतात. बहुतेकांचे इथेच संपतात.

आता समोरच्या काठावर बघा. पर्यटकांना फिरवणाऱ्या, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवणाऱ्या कंपन्या साधारण हजार तासांच्या पायलटला पहिल्यांदा दारात उभं करतात. रुग्णवाहिका म्हणून हेलिकॉप्टर चालवणारे त्याहूनही पुढचे तास मागतात. दोनशे तासांच्या पायलटला कामावर घ्यायला कायद्याची हरकत नसते. हरकत विमा कंपनीची असते. हेलिकॉप्टर महाग, हप्ता पायलटच्या अनुभवावर ठरलेला, त्यामुळे मालकाला तुम्ही कितीही आवडलात तरी त्याचा हात बांधलेला असतो.

म्हणजे दोनशे ते हजार. हे आठशे तास स्वतःच्या पैशानं विकत घ्यायचे म्हटलं तर आजवरच्या खर्चाच्या चौपट पैसा लागेल, म्हणून ते कुणी विकत घेत नाही. ते शिकवून मिळवायचे असतात. नवा पायलट इन्स्ट्रक्टर होतो, विद्यार्थी तासाचे पैसे भरतो आणि तो तास दोघांच्याही लॉगबुकात चढतो. ज्यांना नुकतं उडायला आलं आहे तेच इतरांना शिकवतात, ही या धंद्यातली जराशी विचित्र गोष्ट आहे. मला ती तेव्हाही विचित्र वाटायची, आजही वाटते. पण शिडीची ही पायरी चुकवता येत नाही.

तुम्ही लिहिलं आहे, ‘शिकवण्यात मला फारसा रस नाही, पण वर्षभर करेन.’ या वाक्यावर मी थांबले. एखाद्या बऱ्या चालणाऱ्या शाळेत इन्स्ट्रक्टरला महिन्याला ४० तास मिळाले, तर आठशे तासांना वीस महिने लागतात. धुकं, पाऊस, दुरुस्तीला गेलेलं यंत्र, पैसे संपल्यामुळे अचानक यायचा बंद झालेला विद्यार्थी, हे सगळं धरलं तर दोन वर्षं. शिवाय पगार बहुधा उडालेल्या तासांवर असतो. पावसाच्या आठवड्यात तुम्ही हँगरमध्ये फळा पुसत बसलात तर त्याचे पैसे मिळतीलच असं नाही. या दोन वर्षांत तुमचं स्वतःचं पोट कसंबसं भरेल. घराच्या कर्जाचा हप्ता त्यातून निघणार नाही.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा वळवून तुमच्याकडेच परत पाठवते. शिकायला एक वर्ष, इन्स्ट्रक्टरची जागा मिळेपर्यंत काही महिने, मग दोन वर्षं शिकवणं. अशी साडेतीन वर्षं त्या कर्जाचा हप्ता कोण भरणार? ‘बाबा’ हे उत्तर असेल तर बाबांची पेन्शन किती, याच काळात भावाची फी किती, हे कागदावर लिहा. मुलीसाठी घर तारण ठेवायला तयार होणारा बाप हिशेब करून तयार झालेला नसतो. त्यांच्या ‘हो’ची किंमत मोठी आहे, पण ते ‘हो’ त्यांनी परवान्यापर्यंतचा खर्च ऐकून दिलं आहे. त्यांना ही साडेतीन वर्षं सांगा, मग पुन्हा विचारा. आणि आईलाही विचारा. पत्रात त्यांचा उल्लेख एकाच ओळीत आहे. ज्या घरात तारणाची बोलणी चालू आहेत त्या घरात कुणी महिनाभर गप्प बसलं असेल, तर बहुधा त्या माणसानं हिशेब आधीच केलेला असतो.

माझ्यापुरती एक कसोटी मी ठरवली आहे आणि अनेकांना सांगितली आहे: कर्ज तेवढंच घ्यावं, ज्याचा हप्ता पायलटच्या पगाराशिवाय, आज जे काम येतं त्यातून फेडता येईल. तुमच्याकडे सॉफ्टवेअरचा अनुभव आहे, म्हणजे अनेक होतकरू पायलटांपेक्षा तुम्ही सुस्थितीत आहात. प्रशिक्षण अर्ध्यात थांबलं, डॉक्टरनं नापास केलं, मंदी आली, तरी परतायला एक धंदा आहे. या कसोटीत बसणारी रक्कम कदाचित पूर्ण कोर्सएवढी नसेल. चालेल. पूर्ण कोर्सचे पैसे एकदम लागतच नाहीत, आणि इथून मी तुमच्या त्या एकरकमी सवलतीकडे येते.

ती घेऊ नका. वाटाघाट करून बघू, अर्धी भरू, असंही काही नको.

२००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची शाळा दिवाळखोरीत गेली. नेवाडा राज्यात मुख्य कचेरी, अनेक राज्यांत शाखा, त्या वेळच्या सर्वांत मोठ्या हेलिकॉप्टर शाळांपैकी एक. दोन हजारांहून जास्त विद्यार्थी होते आणि बहुतेकांनी कर्ज काढून कोर्सची फी आगाऊ भरलेली होती. शाळा अचानक बंद झाली. यंत्रं गेली, इन्स्ट्रक्टर एका दिवसात बेकार झाले, विद्यार्थ्यांच्या हातात अर्धवट लॉगबुकं उरली. कर्जं मात्र त्यांच्या नावावर तशीच होती. ती शाळा ‘मोठी आहे, बुडणार नाही’ म्हणूनच लोकांनी निवडली होती. उड्डाण शाळांचा धंदा मुळात पातळ नफ्यावर चालतो. एखाद्या शाळेला पुढच्या वर्षीच्या तासांचे पैसे याच महिन्यात हवे असतील, तर ती सवलत म्हणजे तुम्ही शाळेला दिलेलं बिनतारण कर्ज आहे. तुम्ही घर तारण ठेवून पैसे आणायचे आणि शाळेला काहीही तारण न घेता द्यायचे, हा व्यवहार उलटा आहे. शाळा चांगली असेलही. चांगल्या शाळा दहा-वीस तासांचे पैसे घेऊन खातं उघडतात, तास उडाला की त्यातून वजा करतात आणि उरलेले मागितल्यावर परत देतात. तुमची शाळा हे लेखी द्यायला तयार आहे का, एवढंच बघा.

दुसरं, शाळेनं सांगितलेला आकडा. जवळजवळ सगळ्या शाळा कायद्यानं लागणाऱ्या किमान तासांवर भाव सांगतात. खाजगी परवान्यासाठी, म्हणजे पैसे न घेता उडवता येण्याच्या पहिल्या परवान्यासाठी, इकाओचे किमान तास ४० आहेत. चाळीस तासांत तयार झालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, पण एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साठ-सत्तर तास लागणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्यात लाज वाटावी असं काही नाही. पहिले काही तास तर नुसता हॉवर शिकण्यात जातात, म्हणजे जमिनीपासून थोड्या उंचीवर एका जागी थांबणं. ऐकायला सोपं. डाव्या हातातला कलेक्टिव्ह, म्हणजे यंत्र वर-खाली नेणारा दांडा, जरा वर घेतला की नाक वळतं. ते सावरायला पेडल दाबलं की यंत्र एका बाजूला सरकू लागतं. ते रोखायला उजव्या हातातला सायक्लिक, म्हणजे यंत्र हवं तिकडे झुकवणारा दांडा, हलवला की उंची ढळते, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. पहिल्या दिवशी फुटबॉलचं मैदानही अपुरं पडतं. मग कधीतरी सातव्या-आठव्या तासाला हात आपोआप हलू लागतात आणि विद्यार्थी स्वतःच दचकतो. हे सगळं होत असताना मीटर चालू असतो. तो मीटर कधी सुरू होतो, इंजिन चालू झाल्यावर की जमीन सोडल्यावर, हेही विचारा. दीडशे तासांत या एका फरकाचे पैसे बरेच होतात.

तेव्हा शाळेच्या आकड्यात पाव हिस्सा वाढवून धरा. परीक्षेच्या आणि फेरपरीक्षेच्या फी, हेडसेट, मेडिकल, राहण्याजेवणाचा खर्च बहुधा त्या आकड्याबाहेर असतात. इन्स्ट्रक्टरचं रेटिंगही पुष्कळदा बाहेरच असतं, आणि दरी ओलांडायची तर तेच सर्वांत आधी हवं.

वजनाबद्दल कुणी तोंडावर बोलत नाही, म्हणून मी बोलते. जगभर सर्वांत जास्त वापरलं जाणारं शिकाऊ हेलिकॉप्टर म्हणजे रॉबिन्सन आर-२२. दोन जागा, पिस्टन इंजिन, जास्तीत जास्त वजन ६२२ किलो. त्यात यंत्र, इंधन, तुम्ही आणि इन्स्ट्रक्टर सगळे आले. एका जागेची मर्यादा १०९ किलो आहे, पण त्याच्या बरंच आधी अडचण सुरू होते, कारण दोघांचं वजन वाढलं की इंधन कमी भरावं लागतं आणि तास अर्ध्यात आटपतो. त्यात बसला नाहीत तर चार जागांचं आर-४४ घ्यावं लागतं आणि त्याचा तासाचा दर बराच चढा असतो. माझ्या ओळखीच्या एका मुलानं कोर्स सुरू करण्याआधी सहा महिने फक्त वजन उतरवलं. त्याच्या खर्चात एवढी मोठी बचत दुसऱ्या कशानंही झाली नसती.

याच यंत्राची आणखी एक हकिगत सांगते, कारण ती तुमच्या शाळेच्या आश्वासनाशी जोडलेली आहे. फ्रँक रॉबिन्सन यांनी आर-२२ शाळांसाठी बनवलंच नव्हतं. सामान्य माणसाला स्वतःचं म्हणून परवडेल असं हेलिकॉप्टर त्यांना हवं होतं. १९७९ मध्ये ते बाजारात आलं आणि स्वस्त म्हणून शाळांनी उचललं. त्याची पाती हलकी आहेत. इंजिन बंद पडलं की त्यांचा वेग झपाट्यानं उतरतो आणि कलेक्टिव्ह खाली घ्यायला हाताशी जेमतेम एक-दोन सेकंद असतात. त्यानंतर पाती खालून येणाऱ्या वाऱ्यावर फिरत ठेवून उतरायचं, याला ऑटोरोटेशन म्हणतात. नवशिक्याकडून ते करवून घेताना शेजारी अनुभवी माणूस लागतो. अपघात वाढल्यावर अमेरिकेनं १९९५ मध्ये खास नियम केला: आर-२२ वर शिकवायचं तर हेलिकॉप्टरचे किमान २०० तास हवेत, त्यातले ५० त्याच यंत्रावरचे. म्हणून १५० तासांत व्यावसायिक परवाना मिळाला तरी ‘लगेच इन्स्ट्रक्टर म्हणून घेऊ’ हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नका. मधल्या तासांचे पैसे कोण भरणार? तुम्ही जिथे शिकणार तिथला नियम काय? शिवाय परदेशात शिकणार असाल तर विद्यार्थी म्हणून मिळालेल्या व्हिसावर तिथे पगारी शिकवता येईलच असं नाही, आणि मायदेशी परतल्यावर परवाना बदलून घ्यायला पुन्हा परीक्षा आणि पुन्हा उड्डाण चाचणी लागू शकते. या एका मुद्द्यावर कितीतरी जणांची गाडी अडकलेली मी पाहिली आहे: परवाना एका देशाचा, काम करायचा हक्क दुसऱ्या देशात, आणि तास मात्र दोनशेच.

शाळेला विचारायचा खरा प्रश्न सोपा आहे. गेल्या दोन वर्षांत कोर्स पूर्ण केलेल्यांपैकी किती जणांना तुम्ही इन्स्ट्रक्टर म्हणून ठेवलं? आणि मग शाळेला न विचारता, तिथून बाहेर पडलेल्या दोन-तीन जणांना गाठून तोच प्रश्न विचारा. शाळेच्या आवारात चहा पिणाऱ्या इन्स्ट्रक्टरलाही विचारा, महिन्याला किती तास मिळतात. तो खांदे उडवेल, पण आकडा सांगेल.

आता तुमचा दुसरा पर्याय, नोकरी सांभाळत थोडं थोडं. कर्ज नको म्हटल्यावर मी हाच मार्ग सुचवेन असं तुम्हाला वाटलं असेल. तोही तसाच्या तसा पटत नाही. पंधरा दिवसांतून एकदा येणारा माझा एक विद्यार्थी होता, हुशार, मेहनती. प्रत्येक वेळी पहिला अर्धा तास मागचं आठवण्यात जायचा. वर्ष झालं तरी त्याचा हॉवर पक्का होईना. पैसे हप्त्याहप्त्यानं गेल्यामुळे त्याला ते टोचले नाहीत, एवढंच. हेलिकॉप्टर हातात बसायचं तर आठवड्याला तीनेक उड्डाणं हवीत. तास सांडून सांडून जमवले तर ते महागच पडतात.

म्हणून दोन्हींच्या मधून जा. पैसे साठवायचे हळूहळू, उडायचं मात्र झडीसारखं. एका टप्प्याचे पूर्ण पैसे हातात आल्याशिवाय तो टप्पा सुरू करू नका आणि सुरू केलात तर रजा घेऊन, सलग, इतर काही न करता पार पाडा. तुमची बचत तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे म्हणता. खाजगी परवान्याला तेवढी बहुधा पुरेल. दोन-तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का बघा. खाजगी परवाना हातात आला की तुम्हाला स्वतःबद्दल अशा गोष्टी कळलेल्या असतील ज्या आज तुम्हाला किंवा मला माहीत असायचं कारण नाही: तुमचा हात कसा आहे, एकटीनं उडताना मन शांत राहतं का, वारा वाढल्यावर परत फिरायचा निर्णय वेळेत घेता येतो का. त्यानंतर कर्जाचा विचार करायचा तर करा. तेव्हा रक्कमही लहान असेल आणि कर्ज देणाऱ्यालाही तुमच्या लॉगबुकात काहीतरी दिसेल.

पण त्याच्याही आधी, फारसा खर्च न येता होणारं बरंच काही आहे आणि ते लोक हटकून उलट्या क्रमानं करतात. व्यावसायिक परवान्याला इकाओच्या निकषांत पहिल्या वर्गाचं मेडिकल लागतं. ते आधी करून घ्या, फी भरण्याच्या आधी. दृष्टी प्रत्येक डोळ्याची ६/९, दोन्ही मिळून ६/६ हवी, पण ती चष्म्यासकट चालते, त्यामुळे चष्मा आहे म्हणून घाबरू नका. रंग ओळखण्याची चाचणी, कान, हृदयाचा आलेख, हे सगळं त्यात येतं. रंगांधळेपणा असेल तर माणसाला तो पुष्कळदा त्या ठिपक्यांच्या तक्त्यांसमोरच पहिल्यांदा कळतो. निम्मा कोर्स झाल्यावर तो कळणं ही माझ्या पाहण्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. हे मेडिकल दर वर्षी नव्यानं पास व्हावं लागतं. चाळिशीनंतर एकट्यानं प्रवासी नेणाऱ्यांना तर सहा महिन्यांनी. धंदाच शरीरावर अवलंबून असल्यामुळे परवाना वैद्यकीय कारणानं गेला तर भरपाई देणारा विमा मिळतो. कर्ज काढणार असाल तर त्याचा हप्ताही तुमच्या हिशेबात असायला हवा.

मेडिकल झालं की एक तास उडून या. ओळख करून देणारं असं उड्डाण सगळ्या शाळा देतात. शक्यतो दोन वेगळ्या शाळांत घ्या. त्यानंतर थिअरी: हवामान, नेव्हिगेशन, नियम, पाती हवेत टिकतात कशी. ही पुस्तकं नोकरी करता करता वाचता येतात आणि लेखी परीक्षा जिथे आधी देता येते तिथे देऊनही टाकता येतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं हेलिकॉप्टर उड्डाणाचं हँडबुक इंटरनेटवर मोफत मिळतं. जमिनीवर समजलेली गोष्ट हवेत पुन्हा समजावून घ्यावी लागत नाही, आणि हवेतलं समजावणं मीटरवर असतं. रेडिओवरची इंग्रजीही आताच कानावर पडू द्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इकाओच्या मोजपट्टीवर इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते.

पैशाच्या इतर वाटा थोडक्यात. सैन्यदल हा सर्वांत जुना आणि सर्वांत पूर्ण रस्ता आहे: प्रशिक्षण त्यांच्या खर्चानं, पगार पहिल्या दिवसापासून, तास भरपूर आणि मोठ्या यंत्रांत असणाऱ्या टर्बाइन इंजिनावरचे. बदल्यात अनेक वर्षांची बांधिलकी, आणि ती फक्त उडण्याची नसते, सैनिक असण्याची असते. तुम्हाला ते मनापासून हवं असेल तरच तिकडे जा. वयाची अट मात्र तिथे खरी आहे, तेव्हा आजच तपासा. काही कंपन्या निवडक उमेदवारांना स्वतः शिकवतात आणि करारानं बांधून घेतात. जागा मोजक्या, पण अर्ज करायला काही जात नाही.

शिष्यवृत्त्यांकडे मुली उगाच दुर्लक्ष करतात, हा माझा जुना राग आहे. व्हर्ली-गर्ल्स ही हेलिकॉप्टर उडवणाऱ्या स्त्रियांची आंतरराष्ट्रीय संघटना. १९५५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा जगभरातून तेरा जणी होत्या. आज ती दर वर्षी प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते. पूर्वी हेलिकॉप्टर असोसिएशन इंटरनॅशनल नावानं ओळखली जाणारी आणि २०२४ पासून व्हर्टिकल एव्हिएशन इंटरनॅशनल झालेली उद्योग संघटनाही देते. यातल्या बऱ्याच मदती अगदी नवख्याला मिळत नाहीत, हातात आधी काही तास किंवा परवाना लागतो. टप्प्याटप्प्यानं जाण्याचा हाही एक फायदा: खाजगी परवाना स्वतःच्या पैशानं झाला की पुढची दारं ठोठावता येतात. एका शिष्यवृत्तीत कोर्स होणार नाही, पण एखादं रेटिंग किंवा टर्बाइनचं प्रशिक्षण निघून जाईल.

विमानाचे तास स्वस्त पडतात, ते आधी करून हेलिकॉप्टरकडे वळावं का, असं तुम्ही ताज्या कलमात विचारलं आहे. काही देशांत हे चालतं. अमेरिकेत त्या १५० तासांतले ५० हेलिकॉप्टरवर हवेत, बाकीचा बराच भाग विमानावरचा चालतो. परवाना त्यानं खरंच स्वस्त पडतो. पण विमा कंपनी विचारते ते हेलिकॉप्टरचे तास. म्हणजे अलीकडचा काठ स्वस्तात गाठाल आणि दरी आणखी रुंद करून ठेवाल. विमान उडवायचीच हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आणि वय. एकट्यानं व्यावसायिक प्रवासी वाहतूक करायला इकाओची मर्यादा साठ वर्षांची आहे, दोन पायलट असतील तर पासष्ट. समजा मी सांगितलेल्या संथ मार्गानं तुम्हाला हजार तास व्हायला सात वर्षं लागली. तेव्हा तुम्ही चौतीस वर्षांच्या असाल आणि पुढे किमान सव्वीस वर्षं उडता येईल. माझ्या वर्गात एकोणिसाव्या वर्षी आलेली पोरं होती आणि अडतिसाव्या वर्षी परिचारिकेची नोकरी करत आलेली एक बाई होती. चेकलिस्ट वाचताना ओळीवरून कधीच न ढळणारं एक बोट मी लक्षात ठेवलं आहे. ते बोट त्या बाईंचं.

एक गोष्ट मात्र पैशानं सुटणारी नाही. तुम्हाला उडायचं आहे, की सध्याच्या खुर्चीतून उठायचं आहे? दोन्ही खरं असू शकतं. पण हे काम जवळून बघितल्याशिवाय कळणार नाही. तेलविहिरींवर जाणारे दोन-दोन, चार-चार आठवडे घराबाहेर असतात. फवारणी करणारे पहाटे तारांखालून जातात. पर्यटकांना फिरवणारे दिवसातून दहा वेळा तोच धबधबा दाखवतात आणि दहाव्या वेळीही उत्साहानं बोलतात. पुष्कळसा वेळ हवामान उघडण्याची वाट बघण्यात, यंत्र पुसण्यात, कागद भरण्यात जातो. एखाद्या तळावर एक पूर्ण दिवस परवानगी काढून बसा, शक्यतो असा की ज्या दिवशी ढगांमुळे कुणीच उडणार नाही. तो दिवस तुम्हाला कंटाळवाणा वाटला तर कसा कंटाळवाणा वाटला, ते मला लिहा. आणि उडायला आवडतं पण हे आयुष्य नको असं लक्षात आलं, तर खाजगी परवाना आणि चांगल्या पगाराची नोकरी हा काही पराभव नाही. माझे सर्वांत आनंदी विद्यार्थी त्याच गटातले आहेत.

तर या आठवड्यात मेडिकलची वेळ घ्या. आणि त्या शाळेला आजच एक पत्र पाठवा: दहा तासांचे पैसे भरून सुरुवात करायची आहे, उरलेले मागितल्यावर किती दिवसांत परत मिळतील, आणि इन्स्ट्रक्टरच्या जागेबद्दल तुम्ही तोंडी सांगितलं ते लेखी द्याल का? उत्तर महिनाअखेरीच्या आत येतं का, ते बघा. आलं तर त्याची प्रत मलाही पाठवा. वाचायला आवडेल.